थकलेल्या मजुरीपोटी मालकाची विहिरीवरची मोटार उचलून नेली, तर ती चोरी ठरते का?

प्रश्न: अनेरकाठ, चोपडा

नमस्कार. आमच्या गावात आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) घडलेल्या एका प्रकरणाबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. दोन्ही बाजूंची माणसे ओळखीची असल्यामुळे नावे देत नाही.

एक सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर) एका शेतकऱ्याकडे वर्षभर कामाला होता. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे साल आखाजीला संपले आणि हिशेबाला बसल्यावर वाद झाला. सालदाराच्या मते उचल वजा जाता त्याचे २८,००० रुपये निघतात, तर मालकाच्या मते खाडे आणि उचल धरल्यास काहीच देणे उरत नाही. चार दिवसांनी सालदाराने भरदिवसा, शेजारच्या शेतातील माणसांच्या देखत, विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार स्टार्टरसह सोडवली आणि बैलगाडीत घालून घरी नेली. घरी जाण्याआधी तो पोलीस पाटलांकडे गेला आणि ‘माझा हिशेब करा आणि मोटार घेऊन जा’ असे सांगून आला. मोटार आजही त्याच्या ओसरीत आहे. त्याने ती विकलेली नाही आणि वापरलेलीही नाही.

मालकाने चोरीची फिर्याद दिली असून, नोकराने मालकाकडे केलेली चोरी म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०६ लागेल असे ठाण्यात सांगण्यात आले. माझे दोन प्रश्न आहेत. ज्याने काही लपवले नाही, विकले नाही आणि स्वतःच जाऊन सांगितले, त्याच्या कृत्यात ‘अप्रामाणिकपणा’ कुठे आहे? आणि वर्षभर राबवून घेऊन पैसे न देणारा मालक कायद्याच्या भाषेत अप्रामाणिक कसा ठरत नाही?

उत्तर: फौजदारी वकिली, धुळे

आपण मांडलेली हकीकत खरी धरून लिहितो. कागद पाहिल्याशिवाय यापुढे जाणे योग्य होणार नाही.

सालदाराने काही लपवले नाही ही गोष्ट माणूस म्हणून कोणालाही पटेल, परंतु कायद्याचा अप्रामाणिकपणा लपवाछपवीवर उभा नाही. संहितेच्या कलम २ मधील व्याख्येनुसार एका व्यक्तीला गैरलाभ किंवा दुसऱ्या व्यक्तीला गैरहानी व्हावी या हेतूने जो काही करतो, तो ती गोष्ट अप्रामाणिकपणे करतो. गैरलाभ म्हणजे ज्या मालमत्तेवर आपला कायदेशीर हक्क नाही ती बेकायदेशीर मार्गाने मिळवणे, आणि गैरहानी म्हणजे ज्याचा हक्क आहे त्याने ती बेकायदेशीर मार्गाने गमावणे. याच्या पुढचा भाग बहुतेक लोक वाचत नाहीत: एखादी वस्तू गैरपणे ठेवून घेणे हाही गैरलाभ आहे, आणि मालकाला त्याच्या मालमत्तेपासून दूर ठेवणे हीही गैरहानी आहे. वस्तू विकली पाहिजे, लपवली पाहिजे किंवा कायमची बळकावली पाहिजे अशी अट व्याख्येत कुठेही नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २३ आणि २४ मध्ये हेच होते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा क्रमांक बदलले, आशय बदलला नाही.

चोरीच्या कलमाखाली (आता ३०३, पूर्वी ३७८) दिलेल्या उदाहरणांपैकी एक आपल्या प्रकरणाच्या अगदी जवळ जाते. एक माणूस दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीविना उचलतो आणि ती परत देण्याबद्दल बक्षीस म्हणून पैसे मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा त्याचा हेतू असतो. कायदा याला स्पष्टपणे चोरी म्हणतो. तेथे पैशांवर हक्क नसतो आणि सालदाराचा कदाचित असेल, एवढा फरक आहे. हा फरक पुरेसा आहे का, हा वाद कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे १८९५ मध्येच गेला होता. ऋणकोला पैसे देण्यास भाग पाडावे म्हणून धनकोने त्याची जंगम मालमत्ता त्याच्या संमतीविना कब्जातून काढून घेतली, तर ती चोरी होते, असा निर्णय त्या पीठाने दिला. सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ मध्ये प्यारेलाल भार्गव प्रकरणात, सरकारी कचेरीतील फाइल बाहेर नेऊन दुसऱ्याच दिवशी जागेवर ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याची चोरीची शिक्षा कायम ठेवली होती. फाइल परत आली होती, तरीही.

थोडक्यात, २८,००० रुपयांवरचा हक्क हा मोटारीवरचा हक्क नव्हे. पैसे मागण्याचा अधिकार असलेल्या माणसाला समोरच्याची कोणतीही वस्तू निवडून उचलण्याचा अधिकार मिळत नाही.

मालकाबद्दलचा आपला संताप मी समजू शकतो, पण चोरीसाठी दुसऱ्याच्या कब्जातून काहीतरी हलवावे लागते, आणि न दिलेली मजुरी ही मालकाच्याच खिशातली रक्कम असते. न्यासभंगासाठी ती रक्कम त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेली असावी लागते, तीही नाही. त्यामुळे ते देणे आहे, आणि त्याच्या वसुलीचा मार्ग कामगार खात्याचा किंवा दिवाणी न्यायालयाचा आहे. कायद्याचे हे माप गरिबाला जड जाते, हे मी नाकारत नाही. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला थांबण्याची मुभा असते आणि ज्याच्या हातात काही नाही त्याने काही उचलले की तो आरोपी होतो.

कलम ३०६ बद्दल मात्र माझी शंका आहे. त्या कलमाला नोकर किंवा कारकून लागतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. साल आखाजीला संपले असेल आणि नवे साल ठरले नसेल, तर मोटार नेली त्या दिवशी तो नोकर नव्हता. तसे असल्यास प्रकरण ३०३(२) मध्ये येते आणि तेथे कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. हा मुद्दा पहिल्याच टप्प्यावर लेखी मांडला पाहिजे.

उत्तर: विधी शाखेचा विद्यार्थी, जळगाव

वकीलसाहेबांशी दोन ठिकाणी नम्र मतभेद नोंदवतो. पहिले म्हणजे, मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू नसेल तर चोरी होत नाही, असे मी वाचले आहे. येथे मोटार परत देण्याची तयारी पहिल्या दिवसापासून उघड आहे. दुसरे म्हणजे, भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७० नुसार, काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. वाइंडिंग करणारा कारागीर मोटार अडवून ठेवतो तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. मग ज्याने वर्षभर त्याच मोटारीने पाणी भरले, त्यालाच चोर का म्हणायचे?

उत्तर: फौजदारी वकिली, धुळे

पहिली गोष्ट आपण इंग्लंडच्या कायद्यावरील पुस्तकात वाचली असावी. तेथील १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात कायमचे वंचित करण्याचा हेतू हा गुन्ह्याचा घटकच आहे. आपल्या संहितेत तो १८६० पासून कधीच नव्हता. इंग्रजी निकाल वाचताना हे लक्षात ठेवावे, कारण तेथील ‘अप्रामाणिकपणा’ सर्वसामान्य सभ्य माणसांच्या मापाने ठरवला जातो. २०१७ च्या आयव्ही प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेच माप पक्के केले. आपल्याकडे मात्र विधिमंडळाने व्याख्या देऊन ठेवली आहे. लोक काय म्हणतील हा आपला निकष नाही. लाभ किंवा हानी कोणाला, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या हक्कावर, हा निकष आहे.

कलम १७० चा मुद्दा अधिक चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. तो अधिकार ज्याच्याकडे वस्तू सोपवली गेली आणि ज्याने त्याच वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्यालाच मिळतो. वाइंडिंगवाल्याने मोटारीवर काम केले. सालदाराने मोटारीने काम केले. शिवाय कामावर असताना मोटार सालदाराच्या हाताखाली असली, तरी नोकराने मालकातर्फे सांभाळलेली वस्तू मालकाच्याच कब्जात असल्याचे संहितेचे कलम ३(३) सांगते. सालदाराकडे ती सोपवलेली नव्हती, म्हणून अडवून ठेवण्याचा अधिकार जन्मालाच आला नाही.

याच संदर्भात चोरीच्या कलमातील घड्याळाची दोन उदाहरणे आवर्जून वाचा. आपले घड्याळ दुरुस्तीला दिलेला माणूस, काही देणे नसताना, दुकानात घुसून ते घड्याळ जबरदस्तीने परत नेतो. त्याने दुसरे काही गुन्हे केले असतील, पण चोरी केलेली नाही. तोच माणूस दुरुस्तीचे पैसे देणे लागत असेल, दुकानदाराने पैशांसाठी घड्याळ कायदेशीरपणे अडवले असेल, आणि ते तारण बुडवण्यासाठी त्याने ते उचलून आणले असेल, तर त्याने स्वतःच्या घड्याळाची चोरी केली! हे पहिल्यांदा वाचल्यावर विद्यार्थी हसतात. परंतु अप्रामाणिकपणा हा वस्तू कोणाची यापेक्षा त्या क्षणी कोणाचा हक्क कसा मोडला यावर ठरतो, हे त्या उदाहरणाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

उत्तर: केळीवाला, रावेर

आम्हा शेतकऱ्यांची बाजूही कोणीतरी लिहावी म्हणून लिहितो. माझ्याकडेही सालदार आहेत आणि हिशेब बुडवणाऱ्या मालकाचे मी समर्थन करणार नाही. पण आखाजीनंतरचे दिवस म्हणजे आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जाण्याचे दिवस असतात. त्या काळात विहिरीवरची मोटार आठ दिवस बंद राहिली, तर केळीचा बाग माना टाकतो आणि मेअखेरीस लावायचा बागायती कापूस रखडतो. ‘मोटार विकली नाही, नुसती ओसरीत ठेवली’ असे म्हणणाऱ्यांनी बागेचे काय होते ते येऊन पाहावे. वकीलसाहेबांनी सांगितलेली ‘मालमत्तेपासून दूर ठेवण्याची’ हानी आम्हाला पुस्तक न वाचताही कळते.

माझा स्वतःचा प्रश्नही याच विषयात येतो. एका व्यापाऱ्याने कापणीच्या वेळी माझा माल गाड्या भरून नेला, पहिल्या गाडीचे पैसे दिले आणि पुढच्यांचे आजतागायत दिले नाहीत. फोन उचलत नाही. सालदाराने मोटार नेली तर चोरी, मग याने केळी नेली तर काय?

उत्तर: फौजदारी वकिली, धुळे

चोरी निश्चितच नाही, कारण माल आपण संमतीने दिला. प्रश्न ठकवणुकीचा, म्हणजे कलम ३१८ चा आहे, आणि तेथे अप्रामाणिकपणा कधी जन्मला हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वचन देतानाच फसवण्याचा हेतू असला पाहिजे. नंतर वचन पाळले नाही एवढ्यावरून तो हेतू गृहीत धरता येत नाही. पहिल्या गाडीचे पैसे दिले ही गोष्ट व्यापाऱ्याच्या बाजूने बोलते. उलट, त्याने खोटा पत्ता किंवा दुसऱ्याच्या पेढीचे नाव दिले असेल, अथवा त्याच हंगामात अनेक शेतकऱ्यांना याच रीतीने, पहिली गाडी चुकती करून, गाठले असेल, तर तोच पहिला हप्ता आमिष ठरू शकतो. आजूबाजूच्या गावांत चौकशी करा. अशा प्रकरणात एका शेतकऱ्याच्या पावतीपेक्षा सात-आठ जणांच्या सारख्या हकिकती अधिक सांगून जातात.

न्यासभंगाचे कलम मात्र जोडू नका, जरी ठाण्यात ते सवयीने जोडले जात असले तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात घोड्यांसाठी धान्य पुरवणाऱ्याची थकबाकी हाच विषय होता. विक्री झाली की मालकी खरेदीदाराकडे जाते, मग सोपवलेली मालमत्ता उरतच नाही. आणि एकाच हकिकतीवर ठकवणूक व न्यासभंग दोन्ही एकाच वेळी असू शकत नाहीत, कारण एकात हेतू आरंभीच वाईट असतो आणि दुसऱ्यात आरंभ विश्वासाने झालेला असतो, असे न्यायालयाने सांगितले. दोन्ही कलमे लावलेली फिर्याद भक्कम दिसते, प्रत्यक्षात ती तिथूनच फुटते.

प्रश्नकर्त्याची भर: अनेरकाठ, चोपडा

सर्वांचे आभार. काल त्या हिशेबाच्या वेळी हजर असलेल्या दोघांशी बोललो, तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. वाद वाढल्यावर मालक रागाने सालदाराला म्हणाला होता, ‘पैसा नही भेटाव. तुले जे लई जानं शे, ते लई जाय.’ (पैसे मिळणार नाहीत. तुला जे न्यायचे आहे, ते घेऊन जा.) दोघेही ही गोष्ट सांगायला तयार आहेत. याने काही फरक पडतो का?

उत्तर: निवृत्त शिरस्तेदार, नंदुरबार

वकीलसाहेब उत्तर देतीलच, परंतु न्यायालयात अशी प्रकरणे अनेक वर्षे हाताखालून गेली असल्यामुळे माझे निरीक्षण लिहितो. फरक पडतो, आणि कदाचित सगळा फरक येथेच पडतो.

आतापर्यंतची चर्चा संमती नव्हती असे धरून चालली होती. चोरीच्या व्याख्येत वस्तू संमतीविना हलवलेली असावी लागते, आणि संमती स्पष्ट असू शकते तशीच ती गृहीतही असू शकते, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. मित्राच्या ग्रंथालयातून त्याच्या गैरहजेरीत पुस्तक वाचायला नेणाऱ्याचे उदाहरण कलमात आहे. मित्राची मूक संमती आहे अशी त्याची समजूत असेल, तर चोरी होत नाही. म्हणजे मालकाने मनापासून परवानगी दिली होती की नाही एवढाच प्रश्न नाही. मोटार सोडवताना सालदाराची खरी समजूत काय होती, हा प्रश्न आहे, कारण हेतू वस्तू हलवण्याच्या क्षणी पाहिला जातो.

आता दुसरी बाजू. फिर्यादीचे वकील म्हणतील की ते वाक्य रागाचे होते, ‘काय करायचे ते कर’ असा त्याचा अर्थ होता, आणि परवानगी मिळालेला माणूस चार दिवस थांबत नाही. हा युक्तिवाद हलका नाही. पण येथेच, प्रश्नकर्त्यांनी पहिल्यांदा सांगितलेला उघडपणा कामाला येतो. उघडपणे केलेले कृत्य आपोआप निर्दोष ठरत नाही, हे वकीलसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे; तरीही त्या कृत्यामागची समजूत प्रामाणिक होती का, याचा तो चांगला पुरावा असतो. भरदिवसा नेणे, माणसांसमोर नेणे, पोलीस पाटलांना सांगणे, वस्तू न वापरता ठेवणे हे सर्व त्या वाक्याशी जोडून ठेवले, तर ‘मला नेण्याची मोकळीक होती’ ही समजूत बनावट वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चंडीकुमार दास कर्मकार प्रकरणात, तलावातील मासे आपल्या हक्काचे समजून धरणाऱ्यांविरुद्धची चोरीची शिक्षा टिकू दिली नाही. प्रामाणिकपणे सांगितलेला हक्क हा चोरीच्या आरोपाला चांगला बचाव आहे, मात्र तो नुसता बहाणा असता कामा नये, ही त्यातील भूमिका आहे. ते प्रकरण हक्काचे होते आणि हे संमतीचे आहे, पण दोन्हींत मन कसे तपासायचे याची रीत एकच आहे.

‘माझा हिशेब करा आणि मोटार घेऊन जा’ हे पोलीस पाटलांजवळचे वाक्य मात्र दुधारी आहे. त्यातून उघडपणाही दिसतो आणि पैशांसाठी अडवणूकही दिसते. ज्याने वस्तू परवानगीने नेली तो ‘तुम्हीच नेण्यास सांगितले होते’ असे आधी म्हणेल, असा प्रश्न उलटतपासणीत येणारच. म्हणून आता उशीर न करता पुढील गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक करण्याऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस देणे अपेक्षित आहे. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालानंतर यावर न्यायालये बारीक लक्ष ठेवतात. नोटीस आल्यास त्याने हजर राहावे आणि लेखी म्हणणे द्यावे. त्यात साल कधी संपले, ते वाक्य कोणासमोर उच्चारले गेले, आणि त्या दोघांचे जबाब घ्यावेत ही विनंती, एवढे तीन मुद्दे असले तरी पुरे. मोटार गुपचूप विहिरीवर नेऊन ठेवू नये. पोलिसांसमोर पंचनामा करून द्यावी आणि तिची स्थिती व स्टार्टर यांची नोंद करून घ्यावी, नाहीतर उद्या कॉइल जळाल्याचा नवा आरोप येईल. मोटार व स्टार्टरची एकत्रित किंमत ५,००० रुपयांच्या आत दाखवता येईल अशी आशा मात्र धरू नये. त्या मर्यादेखालची साधी चोरी अदखलपात्र असते आणि पहिल्या दोषसिद्धीला, वस्तू परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा आहे. पाच अश्वशक्तीची चालू मोटार त्यात बसणे कठीण आहे. परंतु ३०३(२) खालची चोरी ज्याची वस्तू गेली त्या मालकाला तडजोडीने मिटवता येते. गावातील जाणत्या माणसांनी मध्यस्थी करायची असेल, तर ती या दिशेने करावी, आणि मजुरीचा हिशेब त्या तडजोडीत गिळला जाणार नाही हे पाहावे.

आणखी एक बाब तपासा. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचे नाही, अशी अट त्या सालात होती का? आपल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अशी अट तोंडी घातली जाते आणि कोणाला तिचे काही वाटत नाही. तशी अट असेल, तर वेठबिगारी पद्धती निर्मूलन अधिनियम १९७६ चा विचार करावा लागेल. त्यात अशा कर्जाची परतफेड करण्याचे बंधनच संपते, आणि मग मालकाने हिशेबातून वजा केलेल्या उचलीचाही प्रश्न उभा राहतो. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

सालदार आदिवासी असेल किंवा उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडून त्याला विनामूल्य वकील मिळेल. थकलेल्या वेतनाच्या दिवाणी दाव्याची मुदत ते देय झाल्यापासून तीन वर्षांची आहे, त्यामुळे फौजदारी प्रकरण निकालात निघण्याची वाट पाहत बसू नये. मजुरीचा अर्ज याच आठवड्यात वेगळा करावा आणि त्यात मोटारीचा उल्लेख टाळू नये, कारण तो टाळलेला दिसला की समोरचा पक्ष तेच बोट धरून चालतो.